पाळीव श्वानाची शारीरिक क्षमता : आहार व व्यायाम यांच्या परस्परसंबंधाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मानवाने माणसाळविलेल्या प्राण्यांमध्ये कुत्रा हा सर्वांत आधीचा प्राणी होय. त्याच्या इमानाविषयी, घ्राणशक्तीविषयी आणि विविध जातींविषयी विपुल लेखन झाले आहे. मात्र त्याचे शरीर कामासाठी सक्षम कसे ठेवले जाई, त्याला काय व किती खाऊ घातले जाई आणि किती पळविले जाई, या प्रश्नांचा इतिहास तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. भारतीय परंपरेत अश्वांसाठी शालिहोत्राची आणि गजांसाठी पालकाप्याची स्वतंत्र शास्त्रपरंपरा निर्माण झाली. श्वानासंबंधीचे ज्ञान मात्र राजनीतीच्या, मृगयेच्या व विनोदाच्या ग्रंथांत विखुरलेले आढळते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात 'सारमेयविनोद' हा श्वानांसंबंधीचा भाग समाविष्ट आहे, ही बाब या दृष्टीने लक्षणीय आहे.

प्रस्तुत निबंधात श्वानाच्या आहार व व्यायामविषयक विचाराचा प्राचीन ग्रीक ग्रंथांपासून एकविसाव्या शतकातील पशुवैद्यकीय संशोधनापर्यंतचा आढावा घेतला आहे. या दीर्घ कालखंडाकडे पाहता एक गोष्ट स्पष्टपणे दिसून येते. जोपर्यंत कुत्रा कामाचा होता, तोपर्यंत त्याचे खाणे आणि त्याचे धावणे या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. दोन्हींची जबाबदारी एकाच माणसाकडे असे आणि दोन्हींचे मोजमाप त्याच्या हाताने व नजरेने होई. एकोणिसाव्या शतकात कुत्रा शिकारीच्या मैदानातून दिवाणखान्यात आला, तेव्हा आहार ही बाजारात मिळणारी वस्तू झाली आणि व्यायाम हा मालकाच्या सवडीचा प्रश्न झाला. आजच्या पाळीव कुत्र्यांमधील स्थूलतेची समस्या समजून घ्यायची असेल, तर या फारकतीचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

प्राचीन काळ : श्वानांचा शिधा आणि राज्यव्यवस्था

श्वानांचे पोषण हा प्राचीन काळी राज्याच्या जमाखर्चाचाही विषय होता. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने इराणी साम्राज्यातील बॅबिलोनच्या एका क्षत्रपाविषयी दिलेली माहिती या संदर्भात बोलकी आहे. त्या क्षत्रपाकडे भारतीय जातीचे इतके कुत्रे होते, की त्यांच्या अन्नाची तरतूद करण्याची जबाबदारी मैदानी प्रदेशातील चार मोठ्या गावांवर सोपविण्यात आली होती आणि त्या बदल्यात ती गावे इतर करांतून मुक्त होती. भारतीय श्वानांची कीर्ती इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात पश्चिम आशियापर्यंत पोहोचली होती, हे यावरून दिसते.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात कोष्ठागाराध्यक्षाच्या कर्तव्यांचे वर्णन करताना माणसांच्या व जनावरांच्या शिध्याची प्रमाणे दिली आहेत. त्यात कुत्र्यासाठी एक प्रस्थ भात सांगितला असून हंस, क्रौंच व मोर यांच्यासाठी त्याच्या निम्मे प्रमाण ठरविले आहे. त्याच अधिकरणात रानावनांतून गस्त घालणाऱ्या, कुत्रे बाळगणाऱ्या शिकाऱ्यांचाही उल्लेख येतो. अर्थशास्त्रातील कुत्रा राज्यासाठी काम करतो आणि राज्याच्या कोठारातून मापून शिधा घेतो. मापून देणे ही कल्पना येथे महत्त्वाची आहे. पुढील काळात घरगुती श्वानाच्या बाबतीत लोपली ती नेमकी हीच कल्पना.

झेनोफोन व आरियन : श्वानसंगोपनाचे दोन आद्य ग्रंथ

शिकारी श्वानांच्या जोपासनेविषयी प्राचीन जगातून जे ग्रंथ आज उपलब्ध आहेत, त्यांत दोन ग्रंथ विशेष महत्त्वाचे होत. पहिला, झेनोफोन याच्या नावावर असलेला इ.स.पू. चौथ्या शतकातील शिकारविषयक ग्रंथ. दुसरा, त्याला पूरक म्हणून इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आरियन याने त्याच विषयावर लिहिलेला ग्रंथ. आरियन हा अलेक्झांडरच्या स्वारीचा इतिहासकार म्हणून भारतीय वाचकांस परिचित आहे. रोमन सम्राट हेड्रियनच्या काळात तो कॅपाडोशिया प्रांताचा शासक होता.

झेनोफोनने पिल्लांच्या आहाराविषयी दिलेला इशारा आजही आश्चर्यकारक वाटावा असा आहे. पिल्लांना पहिले वर्षभर दूध द्यावे आणि पुढे आयुष्यभर जे अन्न द्यायचे आहे तेच सुरुवातीपासून द्यावे, असे तो सांगतो. पोट तुडुंब भरेल इतके खाऊ घातल्यास पिल्लांचे पाय वाकडे होतात आणि शरीरात रोग उत्पन्न होतात, असे त्याचे निरीक्षण आहे. व्यायामाच्या बाबतीत त्याचा कल डोंगराळ भूमीकडे आहे. कुत्र्यांना वारंवार डोंगरावर न्यावे, कारण खडबडीत जमिनीमुळे त्यांचे पाय मजबूत होतात आणि शरीरालाही श्रमाची सवय लागते, असे तो म्हणतो. मादीला आठव्या महिन्यापासून व नराला दहाव्या महिन्यापासून शिकारीस न्यावे, असे वयाचे बंधनही त्याने घातले आहे.

आरियनचा ग्रंथ याहून अधिक सूक्ष्म आहे. झेनोफोनला केल्टिक जातीचे वेगवान शिकारी कुत्रे ठाऊक नव्हते, म्हणून ही उणीव भरून काढण्यासाठी आपण लिहीत असल्याचे तो सांगतो. त्याची स्वतःची 'होर्मे' नावाची करड्या डोळ्यांची कुत्री होती. तो व्यायामशाळेत गेला की ती सोबत जाई, त्याचा व्यायाम संपेपर्यंत जवळ बसून राही आणि परतताना पुढे चालत पुन्हा पुन्हा मागे वळून पाही, असे वर्णन त्याने केले आहे. मालकाचा व्यायाम आणि श्वानाचा सहवास यांचा असा एकत्रित उल्लेख प्राचीन वाङ्मयात विरळाच आढळतो.

आहाराविषयी आरियनचे मत साधेपणाकडे झुकणारे आहे. जवाची वा गव्हाची भाकरी हे त्याच्या दृष्टीने मुख्य अन्न असून ते कधी कोरडे, तर कधी मांसाच्या स्निग्ध रश्शात भिजवून द्यावे, असे तो सांगतो. आजारी कुत्र्यासाठी निखाऱ्यावर भाजलेल्या बैलाच्या यकृताची पूड पिठात मिसळून देण्याचा उपाय त्याने नोंदविला आहे. व्यायामासाठी दिवसातून किमान चार वेळा कुत्र्याला स्वच्छ, सपाट मैदानात मोकळे सोडावे, म्हणजे मलमूत्रविसर्जनाबरोबरच त्याला उड्या मारता व धावता येईल, असा त्याचा दंडक आहे. उन्हाळ्यात दमछाक होऊन कुत्रा दगावू शकतो, म्हणून त्या दिवसांत शिकार क्वचितच करावी, असेही तो बजावतो. नराचे अवयव मादीपेक्षा उशिरा घट्ट होतात, या कारणास्तव दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी नराला शिकारीस जुंपू नये, असे त्याचे मत आहे. झेनोफोनच्या दहा महिन्यांच्या मर्यादेत त्याने केलेली ही दुरुस्ती अनुभवातून आलेली दिसते.

या ग्रंथातील सर्वांत मौलिक भाग मर्दनासंबंधीचा होय. संपूर्ण अंग चोळल्याने अवयव बळकट होतात, केस मऊ व तुळतुळीत होतात आणि त्वचा स्वच्छ राहते, असे सांगून आरियन त्याची पद्धत देतो. उजव्या हाताने पाठ चोळताना डावा हात पोटाखाली आधाराला ठेवावा, म्हणजे वरून पडणाऱ्या दाबाने कुत्र्याला इजा होणार नाही. त्यानंतर बरगड्या, मांड्या व खांद्यांची पाती चोळावीत. कुत्र्याने रात्री माणसाजवळ झोपावे, असेही तो सुचवितो. यामुळे त्याला माणसाचा लळा लागतो आणि रात्री त्यास काही त्रास झाला तर तो लगेच कळतो. अशा रीतीने मर्दन ही सेवा होती, तशीच ती तपासणीही होती. ज्याचा हात दररोज बरगड्यांवरून फिरतो, त्याला चरबी वाढली की घटली हे वेगळे सांगावे लागत नाही.

मध्ययुगीन श्वानशाळा आणि तिथले श्रमिक

मध्ययुगीन युरोपात शिकार हा सरंजामी प्रतिष्ठेचा भाग बनला आणि श्वानशाळांची रचना अधिक व्यवस्थित झाली. फ्वाचा सरदार गास्तों फेबुस याने १३८७ ते १३८९ या काळात फ्रेंच भाषेत शिकारीवरील विख्यात ग्रंथ सिद्ध केला. यॉर्कचा दुसरा ड्यूक एडवर्ड याने पंधराव्या शतकाच्या प्रारंभी त्याचे इंग्रजी रूपांतर केले. श्वानशाळेला सूर्यप्रकाश येणारे अंगण असावे, गवताचा बिछाना नियमित बदलावा, कुत्र्यांना दररोज सकाळ-संध्याकाळ कुरणात नेऊन खेळू द्यावे, रोज सकाळी त्यांचे अंग विंचरावे व गवताच्या चुड्याने पुसावे, असे नियम त्यात आढळतात. अन्न म्हणून प्रामुख्याने जाड्याभरड्या पिठाचा पाव दिला जाई.

या व्यवस्थेत सर्वाधिक श्रम कोण करीत होते, याकडे इतिहासकाराचे लक्ष जाणे आवश्यक आहे. ही कामे करण्यासाठी लहान वयाची मुले नेमली जात. ती मुले श्वानशाळेतच झोपत, कुत्र्यांची नावे व रंग पाठ करीत आणि रात्री त्यांची भांडणे सोडवीत. सरदाराच्या उत्तम कुत्र्यांच्या देहामागे या अनामिक मुलांचे श्रम होते. श्वानाचे आरोग्य हे नेहमीच कोणाच्या तरी दैनंदिन कष्टावर उभे असते, हे सत्य येथे ठळकपणे जाणवते.

भारतात मोगल काळात हीच परंपरा दरबारी स्वरूपात दिसते. अबुल फज्लच्या 'आईन-इ-अकबरी'मध्ये सम्राट अकबर निरनिराळ्या देशांतून कुत्रे मागवीत असल्याचा आणि काबूलकडील, विशेषतः हजारा प्रदेशातील कुत्रे उत्तम मानले जात असल्याचा उल्लेख आहे. खाशा कुत्र्यांना दररोज २ शेर व इतरांना दीड शेर मांस ठरवून दिलेले होते. कौटिल्याचा भात जाऊन येथे मांस आले असले, तरी मापून देण्याचे तत्त्व कायम राहिले आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडमधील पीटर बेकफर्ड याने १७८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिकारविषयक पत्रांत ओट व जवाच्या शिजविलेल्या पिठात घोड्याचे मांस मिसळून कुत्र्यांना देण्याची पद्धत वर्णिली आहे. सर्व कुत्र्यांना एकाच वेळी द्रोणीवर न सोडता नावाने हाक मारून एकेकाला बोलवावे आणि अंगाने उतरलेल्यांना अधिक खाऊ द्यावे, अशी त्याची रीत होती. त्याच्या श्वानशाळेत शिधा एक होता, परंतु प्रमाण प्रत्येक देहागणिक वेगळे होते. १८५३ मध्ये जॉन हेन्री वॉल्श या शल्यवैद्याने 'स्टोनहेंज' या टोपणनावाने ग्रेहाउंड जातीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १८३६ पासून लिव्हरपूलजवळ भरणाऱ्या वॉटर्लू चषकासारख्या स्पर्धांमुळे ग्रेहाउंडच्या तयारीला त्या काळी कमालीचे महत्त्व आले होते. रस्त्यावरून लांब अंतर चालविणे, ठरावीक वेळी वेगाने पळविणे, हाताने अंग चोळणे आणि त्या प्रमाणात खाऊ घालणे हा या तयारीचा गाभा होता. आरियनपासून वॉल्शपर्यंतच्या सुमारे सतरा शतकांत मूळ पद्धत फारशी बदलली नाही, असेच म्हणावे लागते.

एकोणिसावे शतक : बिस्किट आणि दिवाणखाना

बदल झाला तो औद्योगिक शहरात. मध्यमवर्गाच्या उदयाबरोबर कुत्रा हा घरातील सोबती बनला. १८५९ मध्ये न्यूकॅसल येथे श्वानांचे पहिले औपचारिक प्रदर्शन भरले आणि १८७३ मध्ये लंडन येथे केनेल क्लबची स्थापना झाली. यापुढे श्वानाचे मूल्य त्याच्या कामापेक्षा त्याच्या रूपावरून व वंशावळीवरून ठरू लागले.

याच सुमारास, १८६० च्या आसपास, जेम्स स्प्रॅट या अमेरिकन व्यावसायिकाने लंडनमध्ये कुत्र्यांसाठी खास बिस्किटे विक्रीस आणली. गोदीतील कुत्रे जहाजावरची टाकाऊ बिस्किटे खाताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. गव्हाचे पीठ, भाज्या, बीट आणि मांसाचा अंश यांपासून ती तयार होत. पुढे ज्याच्या नावाने जगप्रसिद्ध श्वानप्रदर्शन सुरू झाले, तो चार्ल्स क्रफ्ट याच कंपनीच्या नोकरीत होता. प्रदर्शन आणि तयार खाद्य यांची सांगड अशी आरंभापासूनच पडली होती. विसाव्या शतकात अमेरिकेत घोड्याच्या मांसाचे डबाबंद श्वानखाद्य आले. दुसऱ्या महायुद्धात कथिलाचा तुटवडा निर्माण झाल्याने कोरड्या खाद्याला चालना मिळाली आणि १९५७ पासून यंत्राने फुलविलेल्या दाणेदार खाद्याचा प्रसार झाला.

तयार खाद्याने अनेक सोयी केल्या, हे नाकारता येत नाही. पोषणातील उणिवा त्याने पुष्कळ अंशी दूर केल्या. परंतु त्याबरोबर एक जुना दुवा निखळला. बेकफर्डच्या श्वानशाळेत खाऊ घालणारा मनुष्यच कुत्र्यांना पळवीतही असे, म्हणून त्याला दिवसभरातील श्रमाचा अंदाज असे. बिस्किटाच्या पुडीवर छापलेले प्रमाण मात्र कोणत्याही विशिष्ट कुत्र्याने त्या दिवशी किती श्रम केले, हे जाणू शकत नाही.

मुडदुसाचा वाद : व्यायाम की आहार?

ही फारकत विज्ञानाच्या क्षेत्रातही कशी प्रकटली, हे विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या मुडदुसाच्या वादावरून दिसते. ब्रिटनमधील औद्योगिक शहरांत त्या काळी मुडदुसाने असंख्य बालकांची हाडे वाकत होती. ग्लासगो येथील लिओनार्ड फिंडले याने १९०८ मध्ये कुत्र्याच्या पिल्लांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. कोंडून ठेवलेल्या पिल्लांना मुडदूस झाला आणि मोकळे फिरू दिलेल्यांना झाला नाही, यावरून व्यायामाचा अभाव हे रोगाचे मुख्य कारण असल्याचे त्याने प्रतिपादन केले. शरीरक्रियाशास्त्रज्ञ नोएल पेटन व त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे हीच भूमिका उचलून धरली.

लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी याने वेगळी दिशा धरली. पिल्लांना ओटची लापशी, पाव, थोडे दूध अशा आहारावर ठेवले असता त्यांना मुडदूस होतो आणि त्याच आहारात कॉड माशाच्या यकृताचे तेल घातले असता तो टळतो, हे त्याने १९१९ मध्ये दाखवून दिले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की याने अतिनील प्रकाशाने बालकांचा मुडदूस बरा होत असल्याचे सिद्ध केले. व्हिएन्ना येथे हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूर्यप्रकाश व यकृततेल हे दोन्ही उपाय बालकांच्या बाबतीत गुणकारी असल्याचे दाखविले. १९२२ मध्ये अमेरिकेतील एल्मर मॅकॉलम याने यकृततेलातील हा घटक 'अ' जीवनसत्त्वाहून वेगळा असल्याचे स्पष्ट केले आणि त्यास 'ड' जीवनसत्त्व हे नाव मिळाले.

ग्लासगोचा मोकळ्या हवेचा पक्ष आणि लंडनचा आहाराचा पक्ष असे दोन्ही अंशतः बरोबर होते, असा समन्वय नंतरच्या काळात मांडला गेला. माणसाच्या बाबतीत तो यथार्थ आहे, कारण मानवी त्वचा सूर्यप्रकाशात 'ड' जीवनसत्त्व तयार करते. कुत्र्याच्या बाबतीत मात्र या कथेला आणखी एक वळण आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील संशोधकांनी १९९४ मध्ये असे दाखविले, की श्वानाच्या त्वचेत या प्रक्रियेसाठी लागणारा मूळ पदार्थ फारच अल्प असतो आणि म्हणून सूर्यप्रकाशातून त्याला हे जीवनसत्त्व पुरेसे मिळत नाही. ज्या प्राण्याच्या देहावर हा वाद लढला गेला, त्याला तरी हे जीवनसत्त्व अन्नातूनच मिळवावे लागते. आहाराची उणीव केवळ फिरविण्याने भरून निघत नाही, हा धडा यातून मिळतो. त्या प्रयोगांत अनेक पिल्लांचे प्राण गेले आणि त्या ज्ञानाचा लाभ लाखो बालकांना झाला, याचीही नोंद इतिहासाने ठेवली पाहिजे.

या धड्याची दुसरी बाजू १९७४ मध्ये समोर आली. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात ग्रेट डेन जातीच्या पिल्लांना हवे तेवढे पौष्टिक अन्न दिले असता त्यांच्या सांगाड्यात विकृती निर्माण झाल्याचे आढळून आले. मर्यादित आहारावरील पिल्ले तुलनेने निरोगी राहिली. अतिभोजनाने पिल्लांचे पाय वाकडे होतात, हे झेनोफोनचे विधान अशा प्रकारे सुमारे २३ शतकांनी प्रयोगाच्या कसोटीवर उतरले.

श्रम करणाऱ्या श्वानाचा आहार

आहाराचे प्रमाण श्रमावर अवलंबून असते, हे सर्वमान्य तत्त्व आहे. परंतु आहाराचे स्वरूपही श्रमानुसार बदलते, हे बर्फावरील घसरगाडी ओढणाऱ्या श्वानांच्या अभ्यासातून कळले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डेव्हिड क्रॉनफेल्ड याने १९७० च्या दशकात या श्वानांवर संशोधन केले. पिष्टमय पदार्थांचे प्रमाण कमी करून स्निग्ध पदार्थ व प्रथिने वाढविली असता दीर्घकालीन श्रमात त्यांचे रक्तघटक अधिक चांगले टिकतात, असे निष्कर्ष त्यातून निघाले. अलास्कातील इडिटारॉडसारख्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत असा एक कुत्रा दिवसाकाठी दहा हजार किलोकॅलरींहून अधिक ऊर्जा खर्च करतो.

याची तुलना घरगुती कुत्र्याशी करणे उद्बोधक ठरेल. विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेची गरज काढण्यासाठी पशुवैद्यकात शरीराच्या वजनाचा पाऊण घात घेऊन त्यास ७० ने गुणतात. २० किलो वजनाच्या कुत्र्यासाठी हे उत्तर सुमारे ६६० किलोकॅलरी येते आणि सामान्य घरगुती जीवनात त्याची एकूण गरज साधारणतः १००० ते ११०० किलोकॅलरींच्या आसपास राहते. म्हणजे जवळपास तेवढ्याच देहाचा श्रमिक कुत्रा घरगुती कुत्र्याच्या दहापट अन्न पचवितो. श्रमिक श्वानाची भूक आणि घरगुती श्वानाचे आयुष्य एकत्र आले, की स्थूलता अटळ होते.

कुत्रा केवळ मांसाहारी आहे, हा समजही येथे तपासून पाहिला पाहिजे. स्वीडनमधील एरिक ॲक्सेल्सन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये लांडगा व कुत्रा यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्ट पचविण्यास साहाय्यभूत ठरणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात कितीतरी अधिक असल्याचे त्यातून आढळले. आरियनची जवाची भाकरी आणि कौटिल्याचा भात यांना माणसाच्या सहवासात घडलेल्या या उत्क्रांतीचा आधार आहे.

स्थूलता आणि हाताच्या चाचणीचे पुनरागमन

विसाव्या शतकाच्या अखेरीस श्वानांची स्थूलता हा पाश्चात्त्य देशांतील पशुवैद्यकाचा प्रमुख प्रश्न बनला. या संदर्भात १९८७ मध्ये सुरू झालेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला लॅब्राडॉर जातीच्या ४८ कुत्र्यांचा अभ्यास पथदर्शी मानला जातो. एकाच वेतातील पिल्लांच्या जोड्या करून त्यांतील एकाला दुसऱ्याहून २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले. भरपूर खाणाऱ्या गटाचे मध्यमान आयुष्य ११.२ वर्षे, तर मर्यादित आहारावरील गटाचे १३ वर्षे भरले. सांध्यांची झीजही दुसऱ्या गटात उशिरा दिसून आली. हा अभ्यास एका श्वानखाद्य कंपनीनेच केला होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

२०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील एलिनॉर रॅफन व सहकाऱ्यांनी लॅब्राडॉरच्या भुकेशी संबंधित एका जनुकातील दोष शोधून काढला. या जातीच्या सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांत तो आढळतो आणि त्यामुळे त्यांचे पोट भरल्याचे समाधान होत नाही. कुत्रा आशाळभूतपणे पाहतो म्हणजे तो उपाशीच आहे, हे गृहीत यामुळे डळमळीत झाले.

या सर्व प्रगत संशोधनानंतर प्रत्यक्ष मोजमापासाठी जे साधन सर्वत्र स्वीकारले गेले, ते मात्र अत्यंत साधे आहे. १९९७ मध्ये डॉटी लाफ्लॅम यांनी श्वानांच्या देहस्थितीचे नऊ श्रेणींचे गुणांकन मांडले. त्यात बरगड्यांवरून हात फिरविला असता त्या पातळ आवरणाखाली सहज जाणवाव्यात, वरून पाहिले असता कंबर दिसावी आणि बाजूने पाहिले असता पोट वर ओढलेले असावे, अशी चौथ्या-पाचव्या श्रेणीची म्हणजे आदर्श देहाची लक्षणे दिली आहेत. म्हणजे हात आणि नजर हीच साधने आधुनिक शास्त्रानेही अखेर स्वीकारली. आरियनच्या मर्दनात जी तपासणी रोज आपोआप घडत होती, तिला येथे श्रेणीचे व अंकाचे रूप मिळाले.

महाराष्ट्र व लगतच्या प्रदेशाचा संदर्भ

दख्खनमधील श्वानसंस्कृतीचा विचार करताना मुधोळ हाउंडचा उल्लेख अपरिहार्य आहे. पूर्वीच्या मुधोळ या मराठा संस्थानाच्या घोरपडे घराण्याने या जातीच्या संवर्धनास आश्रय दिला. हा प्रदेश आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात मोडतो. या व हिच्याशी जवळचे नाते असलेल्या कुत्र्यांना दक्षिण महाराष्ट्रात कारवान, तर लांब केसांच्या प्रकाराला पश्मी असे म्हटले जाते. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी श्वानांवर काढलेल्या तिकिटांत या जातीचा समावेश होता. पुढे मेरठ येथील लष्करी केंद्रातही या जातीचे श्वान प्रशिक्षणासाठी घेण्यात आले.

या लांब पायांच्या, खोल छातीच्या कुत्र्याचा देह ससा व हरिण यांच्या पाठलागासाठी घडला होता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यातील पुढील दुरुस्त्या यांमुळे शिकारीचा मार्ग बंद झाला, आणि ते इष्टच होते. परंतु त्यामुळे या जातीचे नैसर्गिक धावणेही थांबले. ब्रिटनमध्येही असेच घडले. २००४ च्या कायद्याने श्वानांकरवी होणाऱ्या शिकारीवर बंदी आली आणि २००५ नंतर वॉटर्लू चषकाची स्पर्धा झाली नाही. काम संपले, देह मात्र कामाचाच राहिला. आता ते धावणे मालकाने जाणीवपूर्वक घडवून आणावे लागते.

याउलट धनगरांच्या कळपाबरोबर चालणारा कुत्रा आजही आरियनच्या जगाशी नाते सांगतो. भाकरी, ताक व शिळेपाके यांवर तो जगतो. त्याच्या आहारात उणिवा असू शकतात, परंतु माळरानावरून मेंढरांसोबत होणारी त्याची रोजची चाल त्याचे अंग सुटू देत नाही. मुंबई-पुण्याच्या सदनिकांमधील कुत्र्याची स्थिती याच्या नेमकी उलट असते. त्याला संतुलित खाद्य मिळते, शिवाय घरातील प्रत्येकाच्या हातून पोळी, बिस्किट व दूधभात मिळतो, आणि चालणे मात्र इमारतीभोवतीच्या एका फेरीपुरते उरते. आपल्याकडे खाऊ घालणे हे मायेचे सर्वांत सहज रूप आहे. पाळीव कुत्रा या मायेचा धनी होतो आणि तिचा भारही तोच वाहतो.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. श्वानाच्या शारीरिक क्षमतेविषयीच्या ज्ञानाचा पाया शिकारी व श्रमिक श्वानांच्या संगोपनातून घातला गेला आणि त्यात आहार व व्यायाम हे एकाच दिनक्रमाचे भाग होते. औद्योगिक काळात श्वान सोबती बनल्यावर आहाराचा बाजार उभा राहिला, व्यायामाचा मात्र राहू शकला नाही. मुडदुसाच्या वादाने आहाराची जागा व्यायाम घेऊ शकत नाही हे दाखविले. पुढील काळातील स्थूलतेच्या अभ्यासांनी उत्तम आहारही अतिरेकाने घातक ठरतो, हे सिद्ध केले.

या इतिहासातून पाळीव श्वानाच्या मालकासाठी काही व्यवहार्य सूत्रेही हाती लागतात. अन्न मापून द्यावे आणि वर दिलेला प्रत्येक घास त्याच मापात धरावा. स्थूल कुत्र्याचे वजन पशुवैद्याच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावे, आणि सुस्तावलेल्या कुत्र्याला एकदम पळविण्याऐवजी चालण्यापासून आरंभ करून अंतर व वेग क्रमाने वाढवावेत. घामावाटे शरीर थंड करण्याची माणसासारखी सोय कुत्र्याला नसते, तो मुख्यतः धापा टाकूनच उष्णता बाहेर टाकतो. म्हणून आपल्या हवामानात व्यायाम भल्या सकाळी व सायंकाळनंतरच करावा. मोठ्या जातींच्या पिल्लांना वाढ पूर्ण होईपर्यंत कठोर श्रम देऊ नयेत.

यांपैकी कोणतेही सूत्र खर्चिक नाही, मात्र प्रत्येकासाठी माणसाचा वेळ लागतो. गास्तोंच्या श्वानशाळेत तो वेळ अनामिक मुलांनी दिला, अकबराच्या दरबारात सेवकांनी दिला. आजच्या घरात तो देणारा मालकावाचून दुसरा कोणी नाही. श्वान घरी आणताना जातीची निवड जितक्या काळजीने केली जाते, तितक्याच काळजीने स्वतःच्या दिवसातील हा वेळ मोजला गेला, तर अनेक श्वानांचे आयुष्य वाढेल आणि ते अधिक निरामय होईल, यात शंका नाही.